माघीचं सांगणं

माझी बायको कमू गेली हे मला जव्हारच्या एसटी डेपोत कळलं. शनिवार होता. आठवडाभर एका बंगल्याच्या कंपाउंडवर गवंड्याच्या हाताखाली काम करून मी खोडाळ्याची गाडी धरायला आलो होतो. पिशवीत तिच्यासाठी सुकट होती. फोन तिच्या भावाचा, तुकाचा आला. "दाजी, गाडीत बसू नको. आम्हीच ताईला घेऊन जव्हारला येतोय. नुसती ओकतेय." मी विचारलं, बोलते का? तो म्हणाला, "आता बोलत होती." थोड्या वेळानं मी परत फोन केला, त्यानं उचलला नाही. परत केला. तेव्हा उचलला, पण काही बोलला नाही. मागं जीपचा आवाज येत होता. तेवढ्यावरून मला कळलं.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं होतं? तुका म्हणाला, डोंगरातला कंद. डॉक्टरनं मान हलवली. पोलिसानं लिहून घेतलं, आमचे अंगठे-सह्या घेतल्या. अपघाती मरण म्हणाले. मग आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो. तुका हळूच म्हणाला, "दाजी, कंद माघीबरोबर खणला. माघीच्याच हंड्यात शिजवला. मग ती कशी ठणठणीत?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो निघेना.

माघी म्हणजे आमच्या पाड्यातली म्हातारी. नवरा नाही, मूल नाही. झाडपाल्याचं औषध देते. बाया बाळंतपणाला तिलाच बोलावतात आणि पाठ फिरली की तिच्याबद्दल वाईट बोलतात. भगताकडे उठबस आहे तिची. आम्ही प्रभूच्या मार्गात आलो तेव्हापासून पंढरी कमूला सांगायचा, माघीची संगत सोड. पंढरी आमच्या मंडळीचा पुढारी. मंडळी म्हणजे काय, सात-आठ घरं. चर्च नाही, कुणाच्या तरी अंगणात प्रार्थना. कमू त्याला म्हणायची, "बंधू, कंद खणायला जायचं तर काय पंचांगासारखी प्रार्थना बघू? कंद कुठं आहे ते माघीलाच ठाऊक." पंढरी हसायचा, पण त्याला ते आवडायचं नाही.

कडू कंदाची रीत आमच्याकडे लहान पोरीलाही माहीत असते. बारीक काप करायचे, राख घालून शिजवायचे, मग टोपलीत भरून ओहोळात वाहत्या पाण्याखाली रात्रभर ठेवायचे. पाणी वरून धावत राहिलं की कडूपणा निघून जातो. तेवढं केलं की खायला हरकत नाही. आमच्या आज्यापणज्यांनी भुकेच्या दिवसांत हेच खाल्लं. नाही केलं तर विष आहे.

कमूला पुरलं आमच्या वावराच्या कडेला. तुकाला जाळायचं होतं, पण त्यानं हट्ट केला नाही. पंढरीनं प्रार्थना चांगली केली. त्याचा आवाज चांगला आहे. सगळी मंडळी रडली. माघी आली होती, पण लांब, मोहाच्या झाडाखाली उभी राहिली. तुकानं मला कोपरानं ढोसलं. "बघ. जवळ यायची छाती नाय तिची." मी बघितलं. ती कमूकडे बघत नव्हती. पंढरीकडे बघत होती. तेव्हा मला वाटलं, प्रार्थनेला घाबरते.

दुसऱ्या दिवसापासून माघीला हापशावर कुणी पाणी भरू देईना. तोंडानं कुणी काही म्हणत नव्हतं. ती आली की कुणीतरी हंडा पुढं लावायचं. मग आणखी कुणीतरी. ती उभी राहायची, मग रिकामी कळशी घेऊन परत जायची. मी ओट्यावरून हे बघत होतो. मी उठलो नाही.

हेमराजदादा घरी आले. पाड्यातलं जाणतं माणूस. त्यांच्या शब्दाला मान आहे. चहा घेतला, कमूबद्दल दोन शब्द बोलले आणि मग मुद्द्यावर आले.

"सोम्या, बसायचं ठरलंय. माझ्या अंगणात. माघीचा निकाल लावायचा."

"कसला निकाल?"

"हे बघ, ते नाव कुणी घ्यायचं नाय. भुताळी वगैरे. कायदा आहे, आत टाकतात. आपण कुणालाच काही म्हणायचं नाय. तू फक्त एवढंच सांग, माझ्या बायकोनं माघीच्या हंड्यातलं खाल्लं आणि ती मेली. बस."

"आणि मग?"

"मग लोक आपलं समजतील काय समजायचं ते. तिला म्हणू, बाई, तू वांगणीला जा, तुझी भाची आहे तिकडे. घराची लाकडं-कौलं काढून देऊ बरोबर."

"भाची तर अर्धं वर्ष वीटभट्टीवर असते."

"ते तिचं ती बघेल." हेमराजदादा उठले. "यात खोटं काय आहे? माघीच्या हंड्यातलं खाल्लं की नाय?"

"खाल्लं."

"मेली की नाय?"

मी त्यांचा रिकामा कप उचलला.

"तुम्ही येशूवाले खोटं बोलत नाय म्हणतात. तर मग खरं तेवढं बोल. तुझ्या बोलण्यावर आहे सगळं. नवरा बोलला की कुणी काही म्हणणार नाय."

ते गेल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. त्यांच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. तरी सगळं मिळून ते खोटं होतं की खरं, ते मला ठरवता येईना. मंडळीत आम्हाला शिकवलंय, होय असेल तर होय म्हणावं, नाही असेल तर नाही म्हणावं, त्याच्यापुढं जे काही आहे ते वाइटाचं. पण मला होयही माहीत नव्हतं आणि नाहीही. संशय मात्र होता. खरं सांगायचं तर मला माघीचा संशय होता, आणि तो मला बरा वाटत होता. कमू उगीच मेली यापेक्षा कुणीतरी मारली हे सोसायला सोपं जातं.

माघीकडे गेलो ते तिचं तोंड बघायला गेलो. ती चुलीपुढं बसली होती. हापशाचं पाणी मिळत नव्हतं म्हणून ओहोळाचं गढूळ पाणी गाळत होती. मला बघून उठली नाही.

"ये. बस. तू पण विचारायला आलास ना, मी कशी जिती?"

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं तोंडावर विचारलंस. बाकीचे तर माझ्या कोंबडीला पण घाबरून बघतात." ती हसली नाही. "ऐक. दोघींच्या दोन टोपल्या. एकाच जागी ठेवल्या ओहोळात, तेव्हा बारीक धार होती. सकाळी मी गेले तर पाणी उभं. वर तुम्ही सगळ्यांनी सिमेंटच्या गोण्या रचून बांध घातला ना त्या हप्त्यात, मिरचीला पाणी हवं म्हणून. धार तुटली होती रे. टोपलीवर नुसता फेस. एक काप जिभेला लावला, जीभ जळाली. मी माझी टोपली उचलून खाली झऱ्याखाली नेली, आणखी एक रात्र ठेवली."

"आणि कमूची?"

"कमूची तिथं नव्हतीच. ती पहाटेच घेऊन गेलेली. तिला घाई, उपासाची प्रार्थना तुमच्याच घरी होती ना."

"मग तू तिला सांगायला का नाही आलीस? दहा घरं लांब आहेस फक्त."

माघी माझ्याकडे बघत राहिली. "तुझ्या अंगणात यायचं मला? प्रार्थनेच्या दिवशी? मागच्या खेपेला मी कमूला शेवग्याच्या शेंगा द्यायला आले तर तुमच्या पंढरीनं सगळ्यांसमोर म्हटलं, बाई, इथं पवित्र काम चाललंय, तुम्ही नंतर या. मी तुझ्या दारात परत कशाला पाय ठेवू? पण वाटेवर उभी राहिले. पंढरी पुस्तक घेऊन तुमच्याकडेच चालला होता. त्याला सांगितलं, कमूला सांग, पाण्याला धार नव्हती, कंद खाऊ नको. दोनदा सांगितलं."

"तो काय म्हणाला?"

"बरं म्हणाला." मग तिचा चेहरा बदलला. "त्यानं सांगितलं नाय?"

मी उठलो. मला तिच्यावर विश्वास बसला नाही. माणूस अडकला की दुसऱ्याचं नाव घेतो. आणि नाव कुणाचं, तर ज्यानं तिला हाकललं त्याचं. मनात म्हटलं, म्हातारी हुशार आहे. तरी बांधावर जाऊन आलो. टोपल्या ठेवायच्या जागी पाणी खरंच उभं होतं. त्यात पानं कुजत होती. पण त्यानं काय सिद्ध होतं? पाणी उभं आहे हे तिलाही माहीत होतं. माहीत असून गप्प राहिली असेल.

पंढरी खोडाळ्याच्या बाजारातून येत होता. मी त्याला वाटेतच गाठलं.

"बंधू सोमा! तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतो."

"बंधू, एक विचारू? शनिवारी सकाळी माघी तुला वाटेत भेटली होती का?"

त्यानं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "वाटेत काय, खूप लोक भेटतात."

"तिनं कमूसाठी निरोप दिला होता का?"

"बंधू, सैतान अशाच वेळी फूट पाडतो. ती बाई कोण आहे ते तुला माहीत आहे. तिच्या तोंडावर तू विश्वास ठेवणार?"

"मी तिच्या तोंडाचं नाही विचारत. तुला विचारतोय."

"प्रभूची इच्छा होती. कमूताई आता सुखात आहे." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "संध्याकाळी ये. एकत्र प्रार्थना करू."

तो पुढं गेला. मी तिथंच उभा राहिलो. त्यानं होय म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. पंढरी खोटं बोलत नाही, हे सगळा पाडा मानतो. आणि तो खोटं बोललाच नव्हता. त्याचं प्रत्येक वाक्य मी नंतर मनात परत परत उलटून बघितलं, एकही खोटं निघालं नाही. हेमराजदादांच्या वाक्यांसारखीच होती ती.

आता माझ्या संशयाला दोन दारं झाली. घरात बसलो की माघी डोळ्यापुढं यायची. बाहेर पडलो की पंढरी. तुका रोज येऊन विचारायचा, "दाजी, बोलणार ना?" मला त्याचाही संशय यायला लागला. याला एवढी घाई का? बहिणीचं दुःख आहे, की माघीच्या घरामागची जागा याला हवी आहे? मग वाटायचं, मी काय हा विचार करतोय. हा माझ्याच बायकोचा भाऊ, जीपमध्ये तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

रविना आली ती भाकरी घेऊन. रविना म्हणजे शेजारच्या घरातली सून, मंडळीतली. त्या शनिवारी प्रार्थनेला होती. भाकरी ठेवली आणि निघेना.

"सोमाकाका, मी त्या दिवशी इथंच होते. मला राहून राहून वाटतं, आम्ही पण खाल्ला असता."

"काय?"

"कंद. काकीनं प्रार्थना संपल्यावर आणला ना. उपास सोडायला. पहिल्यांदा पंढरीबंधूंपुढं केला. ते म्हणाले, नको, मी घरी जाऊन सोडतो. मग आम्ही कसा घेणार? पुढाऱ्यानं खाल्लं नाही तर आपण कसं खायचं. सगळ्या बाया उठल्या. काकी म्हणाली, एवढा शिजवलाय, फुकट घालवू का? मग तिनं एकटीनंच खाल्ला. मीठ-मिरची लावून. सकाळपासून पोटात काही नव्हतं तिच्या."

"पंढरी एरवी कंद खातो?"

"काका, काकीचा कंद त्यांच्याइतका कोण खायचा? मागच्या वर्षी दोनदा मागून घेतला."

रविनाला आपण काय सांगितलं ते कळलं नव्हतं. मला कळलं. पण कळलं म्हणजे माहीत झालं असं नाही. उपास कुठं सोडायचा हे माणसाचं माणूस ठरवतो. पोट बरं नसेल. मी तिला एवढंच विचारलं, "हे तू बसायच्या वेळी सांगशील?" तिनं पदर तोंडाला लावला. "काका, मी मंडळीतच राहणार आहे ना. माझी सासू..." मी म्हटलं, राहू दे.

हेमराजदादांच्या अंगणात पाडा जमला. पुरुष खाटांवर, बाया कुडाला टेकून. माघीला मध्ये बसवलं नव्हतं, पण तिच्या आजूबाजूला कुणी बसलं नाही म्हणून ती मध्येच आली. पंढरी माझ्या शेजारी बसला. त्याला वाटत असावं, मी त्याच्याकडचा.

हेमराजदादांनी सुरुवात केली. "सोम्या, तुझं दुःख मोठं. तुला काय म्हणायचं ते म्हण. आम्ही ऐकतोय."

मी उठलो. मला बोलायची सवय नाही.

"माझ्या बायकोनं माघीबरोबर शिजवलेला कंद खाल्ला," मी म्हणालो. कुणीतरी 'हं' केलं. तुकानं मान वर केली. "आणि ती मेली. पण एवढ्यावर मी थांबलो तर तुम्हाला वाटेल, माघीनं मारली. मला ते माहीत नाही. पाण्याला धार नव्हती, ते मी बघून आलो. बांध आपण सगळ्यांनी घातला. जव्हारला कामावर जायच्या आधी मी पण गोण्या उचलल्या. माघी म्हणते, तिनं कमूला निरोप पाठवला होता, खाऊ नको म्हणून. माझ्या घरी तो निरोप पोचला नाही. पाठवला की नाही, ते मला माहीत नाही. ज्याच्याकडे दिला म्हणते तो इथं बसला आहे. मी त्याला एकट्याला विचारलं तर त्यानं होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आता सगळ्यांसमोर विचारतो."

मी पंढरीकडे वळलो. "पंढरी, माघीनं तुला सांगितलं होतं का?"

बंधू म्हणालो नाही, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

"सोमा, ही जागा..."

"होय की नाही?"

मागून कुणीतरी म्हातारा म्हणाला, "अरे, ह्यांच्यात खोटं बोलत नाय म्हणे!" दोन-तीन जण हसले. हेमराजदादांनी हात वर केला.

पंढरीच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता नाही म्हणेल. नाही म्हटला असता तर माझ्याजवळ काही नव्हतं. रविना बोलली नसती. माघीचं कुणी ऐकलं नसतं. एका शब्दात तो सुटला असता आणि माघी गेली असती. त्यालाही ते कळत होतं. त्यानं बायांकडे बघितलं. मंडळीतल्या बाया खाली बघत होत्या.

"तू कंद का नाही खाल्लास?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही.

त्यानं चपलेत पाय घातला, मग परत काढला.

"होय," तो म्हणाला. "सांगितलं होतं. दोनदा सांगितलं."

कुडाजवळच्या बायांनी माना वर केल्या.

"मला वाटलं, ही काय आम्हाला खाणंपिणं शिकवणार. नुकतंच बायांना सांगितलं होतं, हिचं ऐकू नका. मीच येऊन कसं सांगू, माघी म्हणते म्हणून खाऊ नका? मग कमूताईनं पुढं केला तेव्हा मनात आलं, खरं असलं तर? म्हणून मी नाही घेतला." तो थांबला. "मी नाही घेतला. तिला मात्र बोललो नाही. थोडासा खाईल, काही होणार नाही, असं वाटलं."

तुका खाटेवरून उठून त्याच्यावर धावला. चार जणांनी त्याला धरलं. तुका शिव्या देत होता, रडत होता. मी जागचा हललो नाही. मला पंढरीला मारावंसं वाटत होतं, पण हात उचलला गेला नाही.

हेमराजदादा खाकरले. "मग हे तुमच्यातलं आहे," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही बघा. माघी, तू जा घरी." एवढंच. माफी वगैरे कुणी मागितली नाही. माघी उठली, लुगडं झटकलं आणि जाताना हेमराजदादांना म्हणाली, "कौलं काढायची होती ना माझी? आता आलाच आहात सगळे, तर दोन फुटकी बदलून द्या." कुणी हसलं नाही. पण दुसऱ्या दिवशी हापशावर तिला पाणी मिळालं.

पाड्यात आता म्हणतात, येशूवाल्यांनी आपलीच बाई मारली. दोन घरं मंडळीतून निघाली. रविनाची सासू माझ्याशी बोलत नाही, म्हणते, घरातलं बाहेर आणलं. तुका म्हणतो, पोलिसात जाऊ. मी म्हटलं, मला विचारलं तर जे ऐकलं ते सांगेन, कमी नाही, जास्त नाही. मी माघीकडे जाऊन सांगितलं, मला तुझा संशय होता. ती म्हणाली, "ठाऊक होतं. तुझं तोंड लपत नाय." मग तिनं मला गाळलेलं पाणी दिलं. मी प्यालो.

पंढरी प्रार्थना चालवत नाही आता. बाया म्हणतात, सोमाकाका, तुम्ही चालवा. मला वाचता येत नाही नीट. तो रविवारी येतो, सगळ्यात मागं, चपलांजवळ बसतो. एकदा घरी आला होता. उंबऱ्यावर बसून म्हणाला, "सोमा, मला क्षमा कर." त्यानं ते सरळ म्हटलं, आजूबाजूला एकही शब्द नव्हता. मी चुलीतलं लाकूड सारखं करत राहिलो. थोड्या वेळानं तो उठून गेला.

मी त्याला हो म्हणू शकलो असतो. म्हणायला काय लागतं. पण ते खरं नव्हतं, आणि खोटं हो मला त्याच्यापुढं म्हणायचं नाही. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सगळे मिळून म्हणतात तेव्हा जसं आम्ही दुसऱ्याला सोडतो तसं तू आम्हाला सोड, अशा अर्थाची ओळ येते. तिथं मी गप्प राहतो आणि पुढच्या ओळीला सगळ्यांत मिसळतो.

पंढरीला क्षमा करायची राहिली आहे.